मदत हवी आहे : इंग्लंडच्या 'क्रेव्हन'साठी मराठी शब्द

नॉर्थ यॉर्कशरमधल्या क्रेव्हनवर मराठी नोंद तयार होते आहे, गाडी शब्दांवर अडली आहे. 1 एप्रिल 1974 ते 31 मार्च 2023 हा 'डिस्ट्रिक्ट' होता, मुख्य ठाणं स्किप्टन. 'जिल्हा' लिहिलं की वाचक फसतो, कारण जिल्ह्यासारखी मोठी काउंटी वर होतीच. रस्ते-शाळा काउंटीकडे, कचरा उचलणं, घरबांधणी आणि करवसुली डिस्ट्रिक्टकडे. 'तालुका' जवळचा, पण तहसीलदार, सातबारा असलं तिथे काही नाही. खाली गावपातळीची पॅरिश कौन्सिल; तिचा वाटा डिस्ट्रिक्टच्याच करबिलातून वसूल व्हायचा. यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यानातले बांधकाम परवाने मात्र 1997 पासून उद्यान प्राधिकरणच देतं, आताही. 2023 पासून काउंटी-डिस्ट्रिक्ट मिळून एकच कौन्सिल. तिला 'एकस्तरीय' म्हणावं, तर खालच्या पॅरिश उरतातच!

दुसरी अडचण भूरूपाची. क्रेव्हनमधल्या मॅलहॅम कोव्ह या कड्याच्या माथ्यावर चुनखडीची नैसर्गिक फरसबंदी आहे. किंचित आम्ल पावसाने खडकातले सांधे विरघळून खोल चिरा पडल्यात. वाऱ्यापासून, मेंढ्यांपासून वाचलेले नेचे त्यांत वाढतात. चिरेला तिथे 'ग्राइक', मधल्या सपाट दगडाला 'क्लिंट' म्हणतात. ग्राइकला 'भेग' म्हटलं तर तडकल्याचा अर्थ येतो, तो चुकीचा.

भूगोल शिकवणाऱ्यांनी आणि पंचायतीचं काम जाणणाऱ्यांनी कृपया नेमके, रुळलेले शब्द सुचवावेत.