गाडी लोअर केली आणि डावीकडून कट-कट सुरू झाली. दोष कुणाचा?

खालचा_मजला (धागाकर्ता)
पुढच्या चाकांवर चालणारी पेट्रोल हॅचबॅक, ९०,००० किमी झालेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच घसरेल. दीड वर्षापूर्वी स्प्रिंग बदलून ४० मिमी खाली आणली. दोन महिने झाले, सोसायटीच्या गेटात उजवीकडे वळताना डाव्या चाकाकडून कट-कट-कट येतं. गॅरेजवाल्याने गाडी चालवून न बघता नुसतं वाकून निकाल दिला, "लोअर केलीय ना? दोन्ही एक्सल गेले."

माझं मत सांगतो, मग तुटून पडा. लोअर गाडी म्हणजे गल्लीतलं बदनाम पोरगं. काच कुणाचीही फुटो, आधी त्याचाच कान धरायचा. खर्चाला ना नाही, पण आधी गुन्हा सिद्ध करा.

ग्रीसमाखला
गुन्हा काय सिद्ध करायचा? बावीस वर्षं हेच करतोय. एक्सल म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा शाफ्ट, दोन्ही टोकांना एकेक जॉइंट. गिअरबॉक्सकडच्या आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात, ते खोबणीत आतबाहेर सरकतात. तुमच्या गाडीत ते मूळ उंचीवर ७०-७५ हजार किमी एकाच जागी घासले, तिथे खाच पडली. आता गाडी खाली आणून तुम्ही त्यांना खाचेच्या काठावर नेऊन बसवलंत. आवाज नाही करणार तर काय भजन म्हणणार? वर बुटाच्या, म्हणजे जॉइंटवरच्या रबरी पिशवीच्या, घड्या एकमेकींवर घासतात, रबर फाटतं, ग्रीस बाहेर, धूळ आत. तो वाकला असेल तर बूट बघायलाच वाकला असेल.

अर्धा_अंश
ग्रीसमाखला, खाचेचं मान्य. पण आतला जॉइंट गेला की सरळ रस्त्यावर जोरात पिकअप घेताना गाडी थरथरते, किंवा पाय सोडला-दाबला की धप्प होतं. फुल लॉकमध्ये, म्हणजे स्टेअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर, कट-कट हे बाहेरच्या, चाकाकडच्या सहा गोळ्यांच्या जॉइंटचं काम. तुम्ही आरोप एकावर ठेवताय आणि साक्ष दुसऱ्याविरुद्ध देताय.

आणि भूमिती बघा. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तोंड चाकाच्या मध्यापेक्षा वर असतं, म्हणजे शाफ्ट मुळातच बाहेरच्या बाजूला उतरता. गाडी थोडी खाली आणली की तो आधी आडवा होतो, म्हणजे कोन कमीच होतो. फार खाली नेली तर उलटा चढतो. शाफ्ट ४०० मिमीचा धरला तर ४० मिमीने फरक पडतो पावणेसहा अंशांचा. बाहेरचा जॉइंट फुल लॉकला चाळिसाच्या आसपास अंश झेलतो, त्याच्यापुढे हे काहीच नाही.

ग्रीसमाखला
कागदावर गाडी उभी असते हो. आमच्याकडे ती स्पीडब्रेकरवरून येते. नियमाप्रमाणे उंचवटा १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. गल्लोगल्ली जे डांबराचे ढेकूळ टाकलेत, त्यांना हा नियम कुणी सांगितलेला नाही. लोअर गाडीचं सस्पेन्शन त्यावर पार वर दाबलं जातं, शाफ्ट आत ढकलला जातो. तुमचे पावणेसहा अंश उभ्या गाडीचे.

टेकडीवरून
दोघेही एक्सलवरच भांडताय. एक्सलच आहे हे कुणी ठरवलं?

गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रल. मित्राला स्टेअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. तुम्ही बाहेरून बोटांची टोकं स्प्रिंगवर अलगद टेकवा, वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका. एक्सल फिरतच नाहीये, तरी आवाज आला तर तो सीव्ही जॉइंटचा, म्हणजे एक्सलच्या टोकांच्या जॉइंटचा, नाही. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बरच्या खांबाच्या) वरचं बेअरिंग जाम असेल तर स्प्रिंग पीळ खात जाते आणि एकदम सुटते. बोटांना झटका बसतो आणि टंग असा आवाज येतो. लोअर गाड्यांत हे फार, कारण स्प्रिंग बसवताना तिचं टोक खाचेत नीट बसवलेलं नसतं. स्प्रिंग बदललीय म्हणताय, कापलेली नाही ना? कापली असेल तर पुढचं वाचू नका, आधी ती काढा.

मग रिकाम्या मैदानात फुल लॉक, पहिला गिअर, हलका पिकअप, दोन्ही बाजूंना. चाकाबरोबर वेग घेणारी कट-कट असेल तर जॉइंट. रिव्हर्समधून पुढे निघताना एकदाच कट्ट होऊन गप्प बसत असेल तर हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) नटाकडे बघा, तोच एक्सलचं टोक धरून ठेवतो. नटावरून हबपर्यंत रंगाची रेघ ओढा, आठवड्याने रेघ तुटली का बघा. नट घट्ट करायचा तर टॉर्क रेंचनेच, आणि बऱ्याच गाड्यांत तो नवाच लावायचा असतो. लिफ्टवर चाकं लोंबकळत ठेवून मात्र निदान करू नका. तिथे शाफ्टचा कोन रस्त्यावरचा नसतोच. जॅक लोअर आर्मखाली लावून चाक वर उचला, मग हलवून बघा.

कलम_बावन्न
मोटार वाहन कायद्याचं, गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ वाचलंय का कुणी?

टेकडीवरून
वाचलंय. त्यात कट-कट कुठून येते ते दिलेलं नाही. वेगळा धागा काढा.

खालचा_मजला
रविवारी केलं सगळं. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना डावीकडून दोनदा टंग आलं, आणि स्प्रिंगचा झटका बोटांना इतका बसला की मी हातच मागे घेतला. दुसऱ्या गॅरेजात उघडलं. बेअरिंग गंजून खरखरीत, स्प्रिंगचं टोक जागेपासून अंगठाभर सरकलेलं. बदललं, ४० टक्के आवाज गेला म्हणा.

पण उजव्या फुल लॉकमध्ये कट-कट आहेच. मग टॉर्च घेऊन झोपलो खाली. डाव्या चाकाच्या रिमला आतून काळ्या ग्रीसचे शिंतोडे, गोल फेकलेले, आणि बाहेरचा बूट एका घडीत नखभर फाटलेला. उजवा कोरडा ठणठणीत.

ग्रीसमाखला
घडीतच फाटला ना? मी काय सांगत होतो?

अर्धा_अंश
९०,००० किमीचं रबर लोअर न करताही घडीतच फाटतं. आणि बाहेरचा फाटला, तुम्ही आतल्यावर बोट ठेवलं होतं. शिवाय दोन्ही बाजू सारख्याच खाली आल्यात, मग उजवा बूट शाबूत कसा?

ग्रीसमाखला
तो फाटेलच, सहा महिने थांबा.

खालचा_मजला
डावा एक्सल तेवढा बदलतोय. उजवा राहू दे. जुना मागून घेतलाय, डिकीत पडलाय. ग्रीसमाखला, आतल्या जॉइंटमध्ये खाच आहे की नाही ते उघडून बघायचं का?

ग्रीसमाखला
शनिवारी दुपारनंतर या. चिंध्या घेऊन या, ग्रीस डिकीभर झालेलं असणार. खाच निघाली तर चहा अर्धा_अंश यांच्याकडून.

अर्धा_अंश
येतो. व्हर्निअर आणतो सोबत.