गोलकीपर मुलाला पीटर चेकसारखी टोपी घेऊन द्यावी का? उपयोग होतो का खरंच?

डिचोलीची_आई
नमस्कार मंडळी. माझा मुलगा १३ वर्षांचा, शाळेच्या टीमचा गोलकीपर. मागच्या शनिवारी मॅचमध्ये बॉलवर झेप घेतली आणि समोरून धावत येणाऱ्या पोराचा गुडघा कानाच्या वर बसला. थोडा वेळ तसाच पडून होता मग उठला, सरांनी डोक्यावर पाणी मारलं आणि परत गोलमध्ये उभा केला, उरलेली मॅच खेळला पण. घरी आल्यावर दोनदा उलटी झाली आणि "आई, मॅच किती-किती झाली?" हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझे हातपाय गळाले. तसाच गाडीत घालून बांबोळीला नेला. सीटी स्कॅनमध्ये फ्रॅक्चर नाही, रक्तस्राव नाही, कन्कशन आहे, म्हणजे मेंदूला झटका बसलाय म्हणाले, आराम सांगितलाय. आता बराय, पण मोबाईल जरा जास्त बघितला की डोकं दुखतं.

आता तो मागे लागलाय की चेल्सीचा गोलकीपर होता त्या पीटर चेकसारखी काळी टोपी घेऊन दे. मी ऑनलाइन शोधायला गेले तर फुटबॉल हेल्मेट टाकलं की सगळी ती अमेरिकन, तोंडावर जाळी असलेली. आपल्या फुटबॉलमध्ये असलं काही घालायला देतात का? आणि घातलं तर डोकं वाचतं का? त्याचे बाबा म्हणतात खेळच बंद कर. मला ते नकोय, गोलमध्ये उभा असतो तेव्हा माझं पोर वेगळंच दिसतं.

जुना_गोली_म्हापसा
ताई, आधी एक सांगतो, बांबोळीला नेलंत ते फार बरं केलंत. मी पण कीपर होतो, ८० च्या दशकात कापणी झालेल्या शेतांत गावागावांच्या टूर्नामेंट व्हायच्या तिथे. एकदा असाच गुडघा लागला होता आणि त्या मॅचचा दुसरा हाफ मला आजपर्यंत आठवत नाही, तरी खेळलो आणि लोकांनी खांद्यावर घेतलं. तेव्हा वाटलं मर्दानगी केली, आता तुमच्या बाळासारख्या पोरांकडे बघतो तेव्हा अंगावर काटा येतो.

चेकचं म्हणाल तर १४ ऑक्टोबर २००६, इंग्लंडच्या लीगमध्ये रेडिंग विरुद्ध चेल्सी, मॅच सुरू होऊन मिनिटभर पण झालं नव्हतं आणि रेडिंगच्या स्टीफन हंटचा गुडघा त्याच्या डोक्याला लागला. कवटीचं हाड आत दबलं, ऑपरेशन करावं लागलं. त्याच मॅचमध्ये बदली आलेला कीपर कुदिचिनी पण बेशुद्ध पडला आणि शेवटी जॉन टेरी, जो डिफेंडर, तो ग्लोव्हज घालून गोलमध्ये उभा राहिला. चेक जानेवारी २००७ मध्ये परत आला तो ती रग्बीवाल्यांची टोपी घालून, आणि २०१९ ला रिटायर होईपर्यंत ती काढली नाही. पण त्याचं हाड तिथे कमजोर झालं होतं म्हणून ती टोपी. तुमच्या मुलाचं हाड ठीक आहे, मार मेंदूला बसलाय, ही वेगळी गोष्ट.

नियमाचं विचाराल तर चालते. फुटबॉलच्या चौथ्या नियमात मऊ, हलकं पॅड असलेलं हेडगियर घालायची परवानगी आहे, फक्त दुसऱ्याला लागेल असं कडक काही नको. म्हणजे ते जाळीवालं हेल्मेट आपल्याकडे नाहीच.

फिजिओ_मडगाव
ताई, टोपी काय करते आणि काय नाही ते नीट सांगते. मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोक्याला झटका बसला की कवटी थांबते पण मेंदू आतल्या आत हलतो, पिळवटतो, आणि हे व्हायला डोक्यालाच मार लागायला पाहिजे असं पण नाही, मान जोरात झटकली तरी होतं. टोपी असते बाहेर, ती आतलं हलणं थांबवणार कशी? खोक पडणं, टेंगूळ, पोस्टवर आपटून कातडी फुटणं यातून थोडी वाचवते, बस. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये हायस्कूलच्या अडीच हजारांहून जास्त खेळाडूंवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, अर्ध्यांना हेडगियर दिलं होतं आणि अर्ध्यांना नाही, पण कन्कशन काही कमी झाली नाहीत.

मला खरा राग आलाय तो पाणी मारून परत उभा केला त्याचा. ज्या दिवशी डोक्याला लागलं आणि थोडी जरी शंका असली तर त्या दिवशी परत मैदानात नाही, हा नियम जगभर आहे. पहिला झटका भरून यायच्या आधी दुसरा बसला तर मुलांच्या मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. ब्रिटनने २०२३ मध्ये हौशी खेळांसाठी जे नियम काढले त्यात २१ दिवसांच्या आत मॅच नाहीच, आणि त्याआधी सलग १४ दिवस काही त्रास नको. तुमच्या मुलाचं डोकं अजून दुखतंय म्हणजे हे १४ दिवस अजून सुरू पण झाले नाहीत. मधेच परत उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून उठवता न येणं, नाकाकानातून पाणी, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका, सरळ बांबोळी.

पेडण्याचा_न्यूजर्सीत
मुळात पेडण्याचा, इथे मुलगा अमेरिकन फुटबॉल खेळतो म्हणून त्या हेल्मेटबद्दल लिहितो. १८९३ मध्ये जोसेफ रीव्ह्ज नावाच्या नेव्हीच्या खेळाडूला डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोक्याला आणखी मार बसला तर वेड लागेल नाहीतर मरशील, म्हणून त्याने अ‍ॅनापोलिसच्या एका चांभाराकडून चामड्याची टोपी शिवून घेतली आणि आर्मीविरुद्ध खेळला. पुढे तो अ‍ॅडमिरल झाला. १९३९ च्या सुमारास प्लास्टिकचं हेल्मेट आलं, १९४३ मध्ये एनएफएलने, म्हणजे तिथल्या मोठ्या लीगने, सक्ती केली. मग काय झालं तर कवट्या फुटणं कमी झालं पण पोरं डोकं खाली घालून रेड्यासारखी समोरच्यावर धडकायला लागली, मानेचे मणके तुटायला लागले, शेवटी १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांत तसं धडकण्यावर बंदी आणावी लागली. आणि इतकं जाड हेल्मेट घालून पण एनएफएलचा जुना खेळाडू माइक वेब्स्टर याच्यासारख्यांच्या मेंदूची काय अवस्था झाली ते डॉ. बेनेट ओमालूंनी २००२ मध्ये तपासून दाखवलं. म्हणून भीती ही की टोपी घातली की पोराला वाटतं आता मला काही होत नाही.

कोच_फोंडा
टोपीच्या पैशात त्याला चांगला कीपर कोच लावा ताई. बॉलवर जाताना आधी "कीपर!" म्हणून जोरात ओरडायचं, हात पुढे, डोकं हातांच्या मागे, आणि सरळ छातीवर न पडता कुशीवर पडायचं. उंच बॉलला उडी मारताना एक गुडघा वर. हे रोज दहा मिनिटं केलं तर सवय लागते. पण आधी डॉक्टरांनी सोडलं पाहिजे, तोपर्यंत बॉलला हात पण नको.

डिचोलीची_आई
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना दोनदा डोळे भरून आले. सोमवारी शाळेत जाऊन सरांना भेटणार, भांडायला नाही, पण ते २१ दिवसांचं लिहून नेणार आहे आणि दुसऱ्या कुठल्या मुलाचं असं होऊ नये म्हणून सगळ्या पालकांसमोर बोलणार आहे. बाबांना फिजिओताईंचं सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले बघू, म्हणजे अर्धं काम झालं. टोपी तूर्त घेत नाही. त्याला चेकची पूर्ण गोष्ट सांगितली तर आता एकच विचारतोय, तो टेरी गोलमध्ये गेल्यावर किती गोल खाल्ले?

जुना_गोली_म्हापसा
एक पण नाही म्हणून सांगा त्याला. चेल्सी १-० जिंकली.