उडीच्या रॅम्पवरून आरसी (रिमोटवर चालणारी) बगी नाकावर पडते. रॅम्प कसा बांधावा?

पाथर्डीकर
सर्वांना नमस्कार. माझ्याकडे १/१० मापाची, चारही चाकांना जोर देणारी विजेवरची बगी आहे आणि ती मी व माझी भाची मिळून चालवतो. सध्या विटांच्या थरावर फळी टेकवून आम्ही उडी घेतो. वेग कमी असताना गाडी ठीक उतरते. वेग वाढवला की हवेत तिचे नाक खाली झुकते आणि पुढचा सस्पेन्शन आर्म (चाक धरणारा दांडा) मोडतो. आता नीट रॅम्प बांधायचा विचार आहे. चढ किती अंशांचा असावा, पृष्ठभाग सरळ असावा की वक्र, आणि नाशिकच्या पावसाळ्यात टिकेल असा कोणता प्लाय घ्यावा, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

सातपूरकर
पाथर्डीकर दादा, फळी जमिनीला जिथे टेकते त्या कोनात तुमच्या अडचणीचे मूळ आहे. पुढची चाके तिथे आदळतात, मग मागची आदळतात, आणि मागचे शॉक अब्सॉर्बर दाबले जाऊन पुन्हा उसळी घेत असतानाच फळी संपते. त्यामुळे शेपटी वर फेकली जाते आणि नाक खाली जाते. म्हणून सुरुवातीला वक्र चढ हवाच. मात्र हा वक्र थेट टोकापर्यंत नेऊ नये, कारण वक्रावरून जाताना गाडी सतत मागच्या बाजूला फिरत असते आणि तेच फिरणे घेऊन ती हवेत गेली, तर उलटी होऊन पाठीवर पडते. शेवटचा भाग सरळ ठेवावा आणि त्याची लांबी गाडीच्या दोन आसांमधील अंतराच्या दीडपट तरी असावी. तुमच्या मापाच्या बगीत हे अंतर साधारण २८ सेंटिमीटर असते, म्हणजे सरळ भाग ४५ सेंटिमीटरचा धरावा.

चढ २० अंशांचा पुरे. वक्रासाठी ३ मीटर लांबीच्या दोरीला पेन्सिल बांधून प्लायवर कंस आखावा. असा २० अंशांचा कंस आणि पुढे ४५ सेंटिमीटरचा सरळ भाग धरला, तर रॅम्पचा पाया सुमारे १४५ सेंटिमीटर, टोकाची उंची ३३ सेंटिमीटर आणि वरच्या प्लायची लांबी जेमतेम दीड मीटर होते. रुंदी ६० सेंटिमीटर ठेवली की नवख्या हातालाही गाडी मधोमध धरता येते. खालून आधार देणाऱ्या फासळ्या १२ मिलिमीटरच्या प्लायच्या कापाव्यात, वर ६ मिलिमीटरचा प्लाय वाकवून बसवावा आणि खिळ्यांऐवजी स्क्रू वापरावेत, कारण धक्क्यांनी खिळे वर येतात व टायर फाडतात. वखारीत मागताना आयएस ७१० (भारतीय मानक) चा मरीन प्लाय मागावा. साधा कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात पापुद्रे सोडतो. कापलेल्या कडांना मात्र रंगाचे दोन हात द्यावेच लागतात, पाणी तिथूनच शिरते. शेवटचा रंग ओला असताना त्यावर चाळलेली बारीक वाळू भुरभुरली की चाके घसरत नाहीत.

बगीवाली
सातपूरकरांचे माप योग्य आहे, पण रॅम्प कितीही चांगला असला तरी टोकावर थ्रॉटल (रिमोटवरचा वेगाचा खटका) एकदम सोडला, तर नाक खाली जाणारच. हवेत चाकांचा वेग वाढला की गाडीचे अंग उलट दिशेने फिरते आणि नाक वर येते. ब्रेक लावला किंवा मोटरच्या ओढीने चाके मंदावली की नाक खाली येते. दादा, तुमच्या स्पीड कंट्रोलरमध्ये ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडताच आपोआप लागणारा ब्रेक) चालू असेल, तर तो आधी शून्यावर आणा. टोक ओलांडेपर्यंत थ्रॉटल एकसारखा धरा, हवेत नाक झुकताना दिसले तर किंचित वाढवा, आणि जमिनीला टेकण्यापूर्वी कमी करा, कारण पूर्ण वेगाने फिरणारी चाके जमिनीत रुतली की त्याचा सारा ताण डिफरन्शियलच्या (चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या) दातांवर येतो.

वेगाबाबतही एक हिशेब लक्षात ठेवावा. २० अंशांच्या चढावरून ताशी ३० किलोमीटर वेगाने सुटलेली गाडी, उतार टोकाच्याच उंचीला असेल तर, सुमारे साडेचार मीटर जाते. वेग ४५ केला की हेच अंतर दहा मीटरवर पोहोचते. वेग दीडपट होतो, उडी सव्वादोनपट होते. तेव्हा भाचीच्या हातात रिमोट देण्यापूर्वी ट्रान्समीटरवर थ्रॉटलची मर्यादा बांधून द्यावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पाथर्डीकर
दोघांचे मनापासून आभार. ड्रॅग ब्रेक खरोखरच चालू होता; तो काढताच नाक झुकणे कमी झाले आहे. आता प्रश्न उतरण्याचा आहे. आमच्या मोकळ्या प्लॉटमध्ये काळी माती आहे आणि ती उन्हाळ्यात भेगाळते.

दिंडोरीचा बागाईतदार
दादा, माझ्या मते चढणीपेक्षा उतरणीवर अधिक खर्च आणि कष्ट करावेत, कारण आर्म मोडतात ते उतरताना. गाडी ज्या कोनात खाली येते जवळजवळ त्याच कोनाचा उतार समोर असेल, तर धक्का फारच थोडा बसतो. काळ्या मातीचा ढीग करू नका. ती पावसात चाकांना चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. मुरूम आणा, पाणी मारून थराथराने धुम्मसाने ठोका, आणि वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्या. आम्ही बागेच्या बांधावर असाच उतार केला आहे. माथा टोकाच्या उंचीचा ठेवा, उतार १५ ते २० अंशांचा ठेवा आणि त्याची लांबी किमान अडीच मीटर ठेवा, कारण प्रत्येक उडी तेवढीच पडत नाही. माथा सपाट आणि ऐसपैस ठेवलात, तर कमी पडलेली उडी त्याच्या धारेवर आदळत नाही.

आणखी दोन गोष्टी. जोरात आदळल्यावर लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बाहेर काढून पाहा. ती फुगली किंवा दबली असेल, तर पुन्हा चार्जिंगला लावू नका. आणि बघणाऱ्या मुलांना रॅम्पच्या बाजूला, चालवणाऱ्याच्या मागे उभे करा. उतरणीच्या सरळ रेषेत कोणीही नको, कारण दीड किलोची गाडी हवेत असताना तिला वळवता येत नाही.