इतिहास-भूगोलाची एकेकट्याची शिकवणी कशी घ्यावी? (सातारा)

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते. यंदा दोन घरांतून गळ घातली गेली की इतिहास-भूगोलही तुम्हीच घ्या, आणि गटात नको, एकेकट्याला घ्या. मुलगा सातवीचा आहे, सेमीचा. मुलगी दहावीची.

गणितात एकाला शिकवणं सोपं जातं. उदाहरण घातलं की पोरगं कुठे अडलं ते वहीत दिसतं. इतिहासात काहीच दिसत नाही. मी बोलत राहते, समोरचा मान हलवतो, तास संपतो. सातवीतल्या पठ्ठ्याने तर सरळ विचारलं, "मॅडम, हे पाठच करायचं असतं ना? मग तुम्ही कशाला?"

पुस्तकं बालभारतीचीच आहेत, गाईड नको आहे. तासाभरात नेमकं करायचं काय, कुठलं साहित्य वापरायचं, अनुभवी लोकांनी सांगा. ॲप सुचवू नका, मुलाची आई फोन हातात देत नाही (बरोबरच आहे तिचं).

शनिवारपेठी
वर्गात कंटाळा आला की मूल शेजाऱ्याकडे बघतं. शिकवणीत शेजारी नाही, मग मान हलवण्याखेरीज ते करणार काय? तुम्ही बोलणं कमी करा. एक परिच्छेद त्याने तुमच्यासमोर मोठ्याने वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि तुम्हाला सांगायचा. तुम्ही इतिहासाच्या बाई नाही ही इथे जमेची बाजू आहे. "म्हणजे काय रे? मला नाही कळलं" असं तुम्ही म्हणालात तर त्याला खरं वाटेल.

सातवीला मराठ्यांच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा भाग आहेच. तुमच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसत असणार (गोडोलीत राहून दिसत नसेल तर घर बदला). डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः या किल्ल्याच्या पायथ्याशी येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी सुरुंग पेरले, त्यातला एक त्यांच्यावरच उलटला आणि त्यांचीच माणसं ढासळलेल्या कड्याखाली गेली. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले. एप्रिलात किल्ला पडला आणि त्याचं नाव ठेवलं आझमतारा.

एवढं सांगा आणि विचारा, बादशहाची फौज आणि एवढासा डोंगर, तरी चार महिन्यांच्या वर का लागले? हे उत्तर पाठ करता येत नाही. कडे बघावे लागतात, वरच्या तळ्यांचा विचार करावा लागतो, धान्य किती दिवस पुरेल, पावसाळा तोंडावर आला तर छावणीचं काय होईल, हे सगळं येतं. त्यात भूगोलाचा अर्धा तासही उरकतो.

माणदेशी माणूस
दहावीच्या मुलीसाठी सांगतो. भूगोलात भारत आणि ब्राझील आहे. पोरं ब्राझील पाठ करून वैतागतात. ब्राझील बाजूला ठेवा, आधी आपला जिल्हा घ्या.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सरळ रेषेत मधलं अंतर शंभरेक किलोमीटर. नैर्ऋत्येकडून आलेलं बाष्प सह्याद्री चढताना रितं होतं, आमच्यापर्यंत नुसता वारा पोचतो. पर्जन्यछाया कळायला साताऱ्याच्या पोरांना पुस्तक कशाला लागतंय?

हे डोक्यात बसलं की मग ब्राझीलचा नकाशा उघडा. तिथे समुद्र पूर्वेला, वारे आग्नेयेकडून, सह्याद्रीच्या जागी तो अजस्र कडा आणि माणाच्या जागी अवर्षण चतुष्कोन (तिथला कमी पावसाचा भाग). दिशा उलट, गोष्ट तीच. फरक मुलीला शोधू द्या. चतुष्कोनात कुणाचं गाव असेल, ते काय पीक घेत असतील असंही विचारा. आमच्याकडची बाजरी, मेंढरं आणि घोंगडी तिला माहीत असतील तर तिला तर्क करता येईल.

पेपर तपासनीस
वरचं सगळं वाचायला छान आहे. पण पालक पैसे देतात ते गुणांसाठी, हे कुणीतरी सांगायला हवं. दहावीला इतिहास-राज्यशास्त्र ४० गुण, भूगोल ४०, प्रत्येकी दोन तास. उरलेले २० अंतर्गत. पोरांना येत असतं, लिहिता येत नाही. "भौगोलिक कारणे लिहा" मध्ये कारणाऐवजी वर्णन लिहितात. नकाशात सगळं बरोबर भरतात आणि सूची करायचं विसरतात.

प्रत्येक तासाला एक उत्तर, घड्याळ लावून, समोर बसून लिहून घ्या. लगेच तपासा. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला हे जमत नाही, तुम्हाला जमतं. एकट्याच्या शिकवणीचा खरा फायदा हाच. बाकी अजिंक्यतारा काही पळून जात नाही.

शनिवारपेठी
@पेपर तपासनीस, लिहून घेण्याला माझी ना नाही. पण जे तोंडाने सांगता येत नाही ते लिहून घेतलं तर पोरगं गाईडचीच वाक्यं लिहिणार. आधी सांगू दे, मग लिहू दे. क्रम उलटला की तुमचं "वर्णन लिहितात" होतं.

पेपर तपासनीस
क्रम मान्य. पण सांगण्यातच तास संपवू नका, तेवढंच म्हणणं आहे.

लिंबाचा वाटसरू
मुलगा गणितात हुशार आहे ना? मग त्याला लिंब गावी न्या, बारा मोटेची विहीर दाखवा. साताऱ्याहून लांब नाही, आईबाबांना सोबत घेतलं की रविवारची सहलही होईल. अष्टकोनी विहीर, आत जायला जिना, वर छोटा महालच. तिथे शिलालेख आहे, त्यात शके १६४१ ते १६४६ असा काळ येतो. शकात ७८ मिळवायचे हे त्याला सांगा, पुढचं त्याला करू द्या. १७१९ ते १७२४. आता विचारा, तेव्हा साताऱ्याच्या गादीवर कोण? १७०८ ला शाहू महाराजांचा इथे राज्याभिषेक झाला हे वाचलेलं असेल तर उत्तर स्वतःच काढेल. पुढे विचारा, दगडावर हे कोरून ठेवायची गरज कुणाला आणि का वाटली असेल?

जमलं तर बारा मोटांना बैल किती लागतील तेही काढू द्या. मोट म्हणजे काय (बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची चामड्याची पिशवी), हे मात्र आधी सांगावं लागेल हो, आताच्या पोरांनी पाहिलेली नसते.

पाटणची सून
इतिहासाच्या साधनांत मौखिक साधनं असतात, ती घरातच मिळतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांना आठवतो अशी माणसं साताऱ्यात अजून पुष्कळ आहेत. मुलाला आजी-आजोबांकडे पाठवा, पण प्रश्न आधी त्याच्याकडूनच लिहून घ्या. "कसं वाटलं?" एवढंच विचारलं तर आजी "लई भ्यालो" म्हणून मोकळी होते. कुठे झोपला होता, आधी आवाज आला की हादरा, नंतर किती रात्री अंगणात काढल्या, असं विचारलं की गाडी सुरू होते.

आमच्या घरी दोन म्हाताऱ्यांचं एकमेकींशी पटलं नाही. एक म्हणते मध्यरात्र, दुसरी म्हणते पहाट. नोंदीप्रमाणे पहाट. पण मग मध्यरात्र म्हणणारी खोटं बोलते का? ह्यावर सातवीतलं मूल बराच वेळ बोलू शकतं.

कोरेगावची ताई
सातवीच्या भूगोलात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) आहेत, तिथे पोरं हमखास गडबडतात. मातीचा अजिंक्यतारा करा, माथा सपाट ठेवा. परातीत ठेवून एक-एक सेंटीमीटर पाणी वाढवत जा आणि प्रत्येक वेळी पाण्याच्या कडेने काडीने रेघ ओढायला सांगा. पाणी काढून वरून बघितलं की नकाशा तयार. कड्याजवळ रेघा चिकटतात, उतारावर लांब जातात, हे सांगावं लागत नाही.

नंतर सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा स्थलनिर्देशक नकाशा आणा. त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतो. एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, दोन रेषांत २० मीटर. घरापासून किल्ल्यापर्यंत किती रेषा ओलांडाव्या लागतात ते मोजू द्या. परात आईची असेल तर आधी विचारा.

गोडोलीकर
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. परात माझीच काढते.

दोन शंका. दहावीच्या मुलीला माणात नेणं शक्य नाही, तिचे रविवारही क्लासने खाल्लेत. आणि आठवीचा एक मुलगा दिवाळीनंतर येतो म्हणतोय. त्याला डलहौसी वगैरे आहे, ते अगदीच कोरडं वाटतं.

माणदेशी माणूस
न्यायची गरज नाही. आडवी पट्टी काढायला सांगा: कोकण किनारा, प्रतापगड, महाबळेश्वर, वाई, कोरेगाव, दहिवडी, म्हसवड. वर उंचीची रेघ, खाली पावसाचे स्तंभ, त्याखाली पिकं. भात, मग स्ट्रॉबेरी, मग हळद-ऊस, मग बाजरी. एकाच कागदावर. त्याखाली ब्राझीलची तशीच पट्टी, पण समुद्र उजव्या हाताला. पेपरात आकृतीसकट उत्तर लिहिता येईल, म्हणजे तपासनीस साहेबही खूश.

शनिवारपेठी
डलहौसी साताऱ्यात कोरडा? १८४८ ला दत्तक नामंजूर करून त्याने खालसा केलं ते साताराच! त्याआधी १८३९ ला प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं होतं आणि रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनला जाऊन कित्येक वर्षं राहिले. तुम्ही डलहौसी व्हा, मुलाला रंगो बापूजी करा. तो दत्तकाच्या बाजूने बोलेल, तुम्ही कंपनीच्या नफ्या-तोट्याचं बोला. हरू नका मात्र, सहज हरलात तर त्याला मुद्दे शोधावे लागणार नाहीत. गटात असला खेळ लावला की दोघं बोलतात आणि बाकीचे हसतात. एकट्याला हसणारं कुणी नसतं, म्हणून लाजरी पोरंही बोलतात.

पेपर तपासनीस
आणि खेळ संपला की "सातारा संस्थान का खालसा झाले?" हे उत्तर दहा मिनिटांत लिहून घ्या. दहावीच्या मुलीचे सराव पेपर मात्र डिसेंबरपर्यंत लांबवू नका, दिवाळीनंतर लगेच आठवड्याला एक, आलटून पालटून इतिहास आणि भूगोल. कोरे आराखडा नकाशे मोती चौकाच्या बाजूला स्टेशनरीत मिळतात, गठ्ठाच घेऊन ठेवा.