फिश अँड चिप्सची फिरती गाडी आखाडात घरी बोलवावी का? (नाशिक)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे सासर-माहेरचे मिळून पंचवीसेक जण जमणार आहेत. दरवर्षी मटणाचा बेत असतो. यंदा मुलांनी धोशा लावलाय की ती फिश अँड चिप्सची गाडी बोलवायची, जी कधी गंगापूर रोडला दिसते, कधी कॉलेज रोडला, तर कधी पाथर्डी फाट्याला. मुलांनी खाल्लंय, मी नाही. आम्ही इंदिरानगरला राहतो. चव कशी आहे? एवढ्या माणसांना वेळेत मिळेल का? सासूबाई मालवणच्या, माशाच्या बाबतीत फार चोखंदळ. आणि दोन्ही जावा शाकाहारी आहेत. नीट विचार करून सांगा, मोठ्या माणसांसमोर फजिती नको.

सातपूरचा_दादा
ताई, मी ह्या गाडीवर बऱ्याचदा खाल्लंय. गाडीशेजारी उभं राहून खाल्लं तर पैसे वसूल. आवरण पातळ आणि कुरकुरीत, आत मासा पांढराशुभ्र, काटा नाही. बटाटे जाड चिरलेले असतात, मोठ्या हॉटेलांत मिळतात तसे बारीक नाहीत. पोरं तत्पर आहेत, गर्दी असली तरी घाईघाईत अर्धकच्चं देत नाहीत. पण पार्सल घरी आणलं की सगळी मजा जाते. डब्यात वाफ कोंडते आणि सातपूरला पोहोचेपर्यंत आवरण मऊ पडून माशापासून सुटतं. म्हणून मागवणार असाल तर पार्सल नको, गाडीच दारात उभी करा. आणि रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे मोठी रांग असते, उशिरा गेलं तर मासा संपलेला असतो. त्यामुळे आत्ताच बोलून ठेवा.

लीड्सहून_परत
इंग्लंडमध्ये काही वर्षं काढली, तेव्हा अपेक्षा काय ठेवावी ते सांगतो. तिकडे हा पदार्थ १८६० च्या दशकापासून विकला जातो. मासा कॉड किंवा हॅडॉक, दोन्ही थंड समुद्रातले. आमच्या यॉर्कशायरकडे हॅडॉकच जास्त. तो इथे नाशकात शोधू नका, आणि मिळाला नाही म्हणून गाडीला नावंही ठेवू नका. तळण्याची पद्धत मात्र इथेही तीच हवी. बटाटा दोनदा तळतात, आधी मंद तेलात आतून शिजवायला आणि मग १८० अंशांच्या वर, बाहेरून कडक व्हायला. ही गाडी ते करते, मी बघितलंय. कमी पडतं ते व्हिनेगर. इथे साधं पांढरं देतात. बार्लीचं तपकिरी माल्ट व्हिनेगर मोठ्या दुकानात मिळतं. एक बाटली आणून ठेवा, गरम चिप्सवर मीठ आणि ते शिंपडलं की मुलं दुसरा सॉस मागणार नाहीत.

यॉर्कशायरमध्ये बरीच दुकानं गोमांसाच्या चरबीत तळतात. इथे तो प्रश्न नाही, तरी तेल कुठलं ते स्पष्ट विचारा, म्हणजे घरात कुणाच्या मनात शंका राहणार नाही. आणि कोणी जुन्या थाटासाठी वर्तमानपत्रात बांधून देऊ लागलं तर घेऊ नका. छपाईची शाई अन्नाला लागते, आपल्याकडे त्याला मनाई आहे.

वेंगुर्ल्याची_लेक
ताई, तुमच्या सासूबाईंसाठी लिहिते. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. आखाडात कोणी 'ताजी सुरमई' म्हणून विकू लागला, तर ती बर्फातली तरी असते नाहीतर दूरच्या बाजारातून आलेली. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते, तिकडचा मासा नंतर येतो, पण नाशिकपर्यंतचा प्रवास केवढा! मी एका दुसऱ्या गाडीवर ह्या दिवसांत 'सुरमई' म्हणून जे खाल्लं ते बासा होतं. तोंडात टाकताच कळलं. बासा खाल्ल्याचं वाईट वाटलं नाही, सुरमईचे पैसे घेतल्याचं वाटलं.

म्हणून बासाच घ्या आणि बासा म्हणूनच घ्या. तो तळ्यात पाळलेला असतो, त्याला समुद्राच्या बंदीचा संबंध नाही. चव सौम्य, काटा नाही, लहान पोरांना निर्धास्त देता येतो. जिताडा मिळाला तर सोन्याहून पिवळं, रायगडकडे तोही तळ्यात पाळतात, पण महाग पडेल.

सासूबाईंना बासा आवडेल असं वाटत नाही, खरं सांगते. त्यांच्यासाठी घरी सोड्यांची खिचडी आणि सुक्या बोंबलाची चटणी करा. पावसाळ्यात आमच्याकडे सुकंच खातात, त्यांना माहेर आठवेल.

पंचवटीकर
आखाडात मटणच करा. मासा खायचा तर गाडीवर जाऊन खा. पाहुण्यांना ताटावर बसवून वाढण्यात जी गोष्ट आहे ती कागदी द्रोणात नाही.

तळणीवाला
केटरिंगच्या धंद्यात आहे, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. जावांचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. चिप्स आणि मासा एकाच कढईत तळले तर त्या चिप्स शाकाहारी माणसाच्या कामाच्या नाहीत. दोन वेगळे फ्रायर आहेत का विचारा. एकच असेल तर जावांसाठी घरच्या कढईत बटाटे तळा, गाडीवाल्याच्या 'आधी चिप्स काढतो' ह्या शब्दावर सोडू नका. तेल आधीच्या दिवसाचंच असू शकतं.

तेलाचंही बघा. नियम असा की तेलातले टोटल पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून खराब झालं की वाढणारे घटक, २५ टक्क्यांपुढे गेले की ते तेल वापरायचं नाही. १ जुलै २०१८ पासून लागू आहे. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळपट, घट्ट, वर फेस धरणारं आणि लवकर धुरावणारं असेल तर ओळखा. ठरवतानाच सांगा, 'आमच्या कार्यक्रमाला नवं तेल ओता, त्याचे वेगळे पैसे देतो.' चांगला माणूस आनंदाने हो म्हणतो. गाडीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नोंदणी क्रमांक लावलेला असला पाहिजे.

वेळेचं गणित: छोट्या फ्रायरमध्ये एका खेपेला मोजकेच तुकडे बसतात. जास्त टाकले की तेल थंड होतं आणि मासा तेल पितो. पंचवीस जणांना एकदम बसवू नका. आधी मुलं, मग बाकीचे, असं टप्प्याटप्प्याने खायला घाला.

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. आज गाडीवाल्याशी बोलले. फ्रायर एकच आहे, त्याने स्वतःहून सांगितलं, त्यामुळे जावांचे चिप्स घरात. मासा बासाच, तेही त्याने लपवलं नाही, हे मला फार आवडलं. नव्या तेलाला तयार आहे. पंचवटीकर काका, मटणही होणार आहे, ताटावरच वाढू. सोड्यांच्या खिचडीचं नाव काढल्यावर सासूबाईंनी सोडे स्वतः निवडायला घेतले. आता फक्त पावसाची काळजी आहे. गाडी सोसायटीच्या आत घ्यावी की बाहेर रस्त्यावर?

तळणीवाला
आत घ्या, पण सेक्रेटरींना लेखी कळवून. पार्किंगच्या स्लॅबखाली मात्र नको. गॅस आणि उकळतं तेल, वर हवा मोकळी हवी. गाडी छोटा हत्तीवर बांधलेली आहे, वर छप्पर वाढवलंय, तेव्हा गेटची कमान आणि लोंबत्या केबल आधी मोजून घ्या. लोकांसाठी समोर ताडपत्री बांधा, फ्रायरच्या डोक्यावर नाही. आणि मुलांना खिडकीपाशी गर्दी करू देऊ नका, कोणीतरी मोठं माणूस तिथे उभं ठेवा.