मदत हवी आहे: पतसंस्थेसाठी मेनफ्रेम घ्यावं का साधा सर्व्हर?

नमस्कार मंडळी, आमची पतसंस्था यवतमाळ जिल्ह्यात, शाखा मोजक्याच, पण कापसाचे चुकारे जमा झाले का बाजाराच्या दिवशी पासबुक प्रिंटरसमोर लाईन दारापर्यंत जाते अन् नेमकी तेव्हाच सिस्टीम हँग होते, बायाबापड्या ताटकळत बसतात, लय वाईट वाटते. एक संचालक भाऊ म्हणतात मेनफ्रेमच (मोठ्या बँका वापरतात तो लय ताकदीचा कॉम्प्युटर) घेऊन टाका. मी वाचलं का आयबीएमनं १९६४ मध्ये सिस्टीम ३६० ही मेनफ्रेमची मालिका आणली तेव्हापासूनच लहान-मोठ्या धंद्यासाठी वेगवेगळी मॉडेलं अन् प्रोग्राम मात्र तोच चालते, हे मले खरंच आवडलं. त्यांच्याच २०२२ च्या झेड१६ मेनफ्रेममध्ये मोठं मॉडेल २०० कोरपर्यंत (कोर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग) जाते, २०२३ मध्ये आलेलं लहान ए०२ मॉडेल ६८ कोरपर्यंत, रॅकमध्येही बसते. पण आपल्यासारख्यासाठी हे लहानही अवाढव्यच ना? वरून लायसन्सचा खर्च, अन् कोबॉलवाला (मेनफ्रेमवर चालणारी जुनी प्रोग्रामिंग भाषा येणारा) माणूस दारव्ह्याले कुठून आणायचा?

बँकेत सिस्टीम सांभाळलेलं कोणी असन तर सांगा, धंदा केवढा वाढला का सर्व्हर सोडून मेनफ्रेमकडं जावं? एक बंद पडला तर दुसरा, असे दोन सर्व्हर जोडले अन् चांगला यूपीएस लावला तर आमचं भागेल का? मार्चएंडच्या आधी ठरवायचं आहे.