ब्रिटनची परकीय मदत: शाश्वत विकास उद्दिष्टांवर किती पैसे गेले, ते कसं काढायचं?

प्रश्न
ब्रिटनने 2022 मध्ये विकास मदतीवर सुमारे 12.8 अब्ज पौंड खर्च केले. त्यातले पाणी, आरोग्य, शिक्षण या उद्दिष्टांसाठी गरीब देशांत किती गेले, हे काढायचं आहे. ओईसीडीच्या (श्रीमंत देशांची संघटना, जी मदतीची आकडेवारी ठेवते) प्रकल्पनिहाय नोंदींत ‘एसडीजी’चा, म्हणजे शाश्वत विकास उद्दिष्टांचा रकाना आहे, पण त्यावरून उद्दिष्टनिहाय बेरजा केल्या की एकूण आकडा मूळ खर्चाच्याही वर जातो. कुठे चुकतंय?

उत्तर 1
तो रकाना बेरजेसाठी नाहीच. एका प्रकल्पाला दहापर्यंत उद्दिष्टं जोडता येतात, पण रक्कम त्यांच्यात वाटली जात नाही. मुलींच्या शाळेत स्वच्छतागृहं बांधली, तर तीच पूर्ण रक्कम उद्दिष्ट 4 (शिक्षण), 5 (स्त्री-पुरुष समानता) आणि 6 (पाणी व स्वच्छता) अशी तीनदा मोजली जाते. शिवाय रकाना भरणं ऐच्छिक आहे, त्यामुळे तो रिकामा दिसला म्हणजे शून्य खर्च असं समजू नका.

त्याऐवजी क्षेत्राचा पाच अंकी कोड घ्या. एका ओळीला एकच कोड असतो. पिण्याच्या पाण्याच्या मूलभूत सोयींसाठी 14031, स्वच्छतेसाठी 14032. दोन्ही एकत्र असतील तर 14030. आणि ‘मंजूर’ नव्हे, ‘प्रत्यक्ष दिलेली’ रक्कम धरा. पाच वर्षांचा करार झाला की मंजुरीची सगळी रक्कम पहिल्याच वर्षात दिसते.

उत्तर 2
याआधी कोड 93010 वजा करा. निर्वासितांवर देणगीदार देशातच होणारा खर्च त्यात असतो. 2022 मध्ये ब्रिटनचा हा खर्च सुमारे 3.7 अब्ज पौंड होता, म्हणजे एकूण मदतीच्या जवळपास 29 टक्के!

प्रश्नकर्ता
पण हे नियमात बसतं ना?

उत्तर 2
बसतं. निर्वासित आल्यावर पहिल्या 12 महिन्यांचा निवारा, जेवण वगैरे मदतीत धरता येतं. खरी अडचण ब्रिटनच्या मर्यादेची आहे. 2021 पासून मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 वरून 0.5 टक्क्यांवर आणली. मर्यादा ठरलेल्या रकमेत घरचा खर्च वाढला की बाहेरच्या कार्यक्रमांना कात्री लागते. 2022 च्या जुलैपासून काही महिने ‘अत्यावश्यक नसलेली’ नवी मदत थांबवावी लागली. पुढे सरकारने दोन वर्षांसाठी 2.5 अब्ज पौंड जादा दिले, तरी घाव भरला नाही. मधेच पैसे थांबले की दवाखान्यातली औषधं आणि पगार दोन्ही अडकतात. माझ्या मते शाश्वत विकासाचं 17.2 हे लक्ष्य (श्रीमंत देशांनी मदतीचं दिलेलं वचन पाळणं) तपासताना हा खर्च वेगळा दाखवायलाच हवा.

उत्तर 3
एक भर: जागतिक बँकेच्या आयडीएसारख्या (गरीब देशांना स्वस्त कर्ज आणि अनुदान देणारी शाखा) संस्थांना दिलेली मूळ वर्गणी देशनिहाय नोंदींत ब्रिटनच्या नावावर दिसत नाही. ती धरायची असेल तर संस्थेच्या खर्चातला ब्रिटनचा वाटा अंदाजाने काढावा लागतो. वर्गणी आणि संस्थेचा खर्च दोन्ही मिळवू नका, तेच पैसे दोनदा येतील. अनेक वर्षांची तुलना करणार असाल तर स्थिर किमतींचे, म्हणजे महागाईचा परिणाम काढून टाकलेले आकडे घ्या. 2027 पर्यंत ब्रिटनच्या मदतीचं प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.3 टक्क्यांवर आणण्याची घोषणा फेब्रुवारी 2025 मध्ये झाली आहे, तेव्हा टक्केवारीसोबत रक्कमही मांडा.